संघ किती घ्यायचे ते प्रश्नवाचकांवरून ठरवा: अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्विझ बोल क्लबांतल्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बरेच जण इथल्या हायस्कूलात क्विझ बोल, म्हणजे बझरवरची सांघिक प्रश्नमंजुषा, खेळलात आणि आता विद्यापीठाच्या क्लबात आहात. सप्टेंबर ते एप्रिलच्या दरम्यान एखाद्या शनिवारी तुमचा क्लब आसपासच्या शाळांसाठी स्पर्धा भरवतो. तिच्या प्रवेशशुल्कातून क्लबचा प्रवासखर्च निघतो, आणि नवख्या शाळांना वर्षातले दहा-बारा चांगले सामने त्यातूनच मिळतात. त्या शनिवारी तुमच्या आवारात येणारी आम्ही माणसं: कोणी शाळेच्या संघाचं प्रशिक्षण करतं, कोणी संघ गाडीतून घेऊन येतं, कोणी प्रश्न वाचतं, कोणी गुण लिहितं. आमचं मागणं एकच आहे. किती संघांची नोंदणी घ्यायची हे मिळालेल्या खोल्यांवरून ठरवू नका, जमलेल्या बझरवरूनही ठरवू नका. तुमच्याकडे भरवशाचे वाचक, म्हणजे खोलीत प्रश्न वाचणारे, किती आहेत ते मोजा आणि तिथे नोंदणी थांबवा.

हे पत्र मराठी पालकही वाचतील, म्हणून थोडं आधीपासून सांगतो. आपल्याकडच्या शाळांमधली किंवा पुण्या-मुंबईतली खुली प्रश्नमंजुषा म्हणजे आधी लेखी चाळणी, मग मंचावर सहा-आठ संघ, समोर एक क्विझमास्तर आणि प्रेक्षक. तिथे सगळी मदार त्या एका माणसावर. क्विझ बोलमध्ये मंच नसतो. २४ संघ आले तर १२ खोल्यांत एकाच वेळी १२ सामने चालतात आणि प्रत्येक खोलीत तेच पॅकेट, म्हणजे त्या फेरीचे प्रश्न, वाचलं जातं. समोरासमोर चार-चार मुलं, प्रत्येकाच्या हातात बझर. आधी टॉसअप. तो कोणीही, एकट्याने, वाचन मध्येच तोडून उत्तर द्यावा असा असतो: १० गुण, लवकर दिला तर पॉवरचे १५, मध्येच तोडून चुकलात तर नेग, म्हणजे उणे ५. टॉसअप मिळवणाऱ्या संघाला तीन भागांचा बोनस, प्रत्येक भागाला १० गुण. तो चौघांनी मिळून सोडवायचा. असे २० टॉसअप झाले की सामना संपला. काही हाउसराइट, म्हणजे क्लबांनी स्वतः लिहिलेल्या, संचांत पॉवर नसते, काही प्रकारांत हुकलेला बोनस समोरच्या संघाकडे जातो. पण सांगाडा हाच.

म्हणजे स्पर्धेला १२ क्विझमास्तर लागतात, आणि ते बाराही चांगले लागतात. एकाने गोंधळ घातला तर तो त्याच्या खोलीपुरता राहत नाही. पुढची फेरी सगळ्या खोल्यांत एकदम सुरू करायची असते, कारण संघ खोल्या बदलतात. एका खोलीतला सामना रेंगाळला की त्या दोन संघांच्या पुढच्या दोन खोल्या अडतात, त्यांच्यामुळे आणखी दोन. पंगतीत शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठत नाही, तसंच हे चालतं.

आता हिशोब बघा. एक टॉसअप आणि त्याचा बोनस यांना मिळून दीड मिनिट लागलं, तर २० चक्रांना ३० मिनिटं. दोन मिनिटं लागली तर ४०. अर्ध्या मिनिटाचा फरक वाचकाच्या लक्षातही येत नाही, पण ११ फेऱ्यांमध्ये तो ११० मिनिटांचा होतो. पाचला संपणारी स्पर्धा सातला संपते, तीन तास गाडी चालवून आलेला संघ शेवटच्या दोन फेऱ्या सोडून निघून जातो, आणि त्याच्याशी खेळायला बसलेल्या मुलांना रिकाम्या खुर्च्या मिळतात.

वाचन हळू का होतं, याचं खरं कारण फार क्वचित बोलण्याचा वेग असतं. वेळ जातो तो मधल्या जागांत. बोनस संपल्यावर वाचक थांबतो, स्कोअरकीपरकडे बघतो, दोन्ही संघांचे गुण मोठ्याने सांगतो, मग पुढचा प्रश्न. हे २० वेळा. कोणी बरोबर उत्तरानंतर प्रश्नाचा उरलेला भाग वाचून दाखवतो. कोणी बोनसच्या प्रत्येक भागाला पाच सेकंदांची मुदत संपल्यावरही ‘सांगा, सांगा’ करत आणखी पाच देतो. उपाय सोपा आहे: गुण फक्त मध्यंतरात आणि शेवटी सांगायचे, कर्णधाराने विचारलं तर सांगायचे, आणि बोनसच्या तिसऱ्या भागाचं उत्तर आल्या क्षणी पुढच्या टॉसअपचा पहिला शब्द तोंडातून निघाला पाहिजे. गप्पा सामना संपल्यावर मारा, मुलांना त्या आवडतातच.

वाचकाची परीक्षा स्पर्धेआधी दोन आठवडे घ्या. जुनी पॅकेट्स इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. क्लबातली आठ मुलं बझर लावून बसवा आणि नव्या माणसाला अर्धं पॅकेट, म्हणजे १० टॉसअप, घड्याळ लावून वाचायला द्या. १५ मिनिटांत स्पष्ट वाचून झालं तर तो वाचक. १८ लागली तर आणखी एकदा सराव. २० लागली तर त्याला स्कोअरकीपर करा. यात कोणाचा अपमान नाही. चांगला स्कोअरकीपर खोलीचा निम्मा भार उचलतो. कोणाला दुखवायचं नाही म्हणून कच्च्या वाचकाला खोली द्यायची आणि ती खोली शेवटच्या गटाला द्यायची, ही पद्धत मात्र बंद व्हायला हवी. खालच्या गटातल्या मुलांनीही तेवढंच शुल्क भरलेलं असतं, आणि पहिल्यांदा आलेली शाळा बहुधा तिथेच असते. ती शाळा पुढच्या वर्षी परत येईल की नाही, हे त्याच खोलीत ठरतं.

चांगला वाचक म्हणजे नेमकं काय, ते एका प्रश्नावर दाखवतो. उत्तर ‘पानिपत’ असलेला टॉसअप घ्या. असे प्रश्न अवघड दुव्यापासून सोप्या दुव्याकडे उतरत जातात. सुरुवातीला इब्राहिमखान गारदीचा तोफखाना येईल, मग विश्वासरावाचा मृत्यू, मग डोळ्यात बाण लागलेला हेमू. तिथे पॉवरची खूण, आणि खुणेनंतर बाबर, इब्राहिम लोदी, शेवटी ‘१५२६, १५५६ आणि १७६१ साली जिथे लढाया झाल्या ते हरियाणातलं ठिकाण, १० गुणांसाठी’. मुलाने ‘हेमू’च्या आसपास बझर दाबला. वाचकाचं पहिलं काम तोंड त्याच शब्दावर थांबवणं, दुसरं काम त्या शब्दावर बोट ठेवणं किंवा स्क्रीनवर तो शब्द टिपणं. खुणेच्या आधीचा शेवटचा शब्द पूर्ण व्हायच्या आत बझर वाजला तर १५, नंतर वाजला तर १०. बोट नसेल तर हा निर्णय आठवणीवर जातो आणि तिथून वाद सुरू होतो. मग वाचक खेळाडूचं नाव किंवा क्रमांक पुकारतो, उत्तर ऐकतो. मुलगा ‘हरियाणा’ म्हणाला. उत्तराच्या ओळीत ‘हरियाणावर प्रॉम्प्ट करा’, म्हणजे आणखी नेमकं उत्तर मागा, असं लिहिलं असेल, तर वाचकाने एकच शब्द म्हणायचा: ‘प्रॉम्प्ट’. ‘राज्य बरोबर आहे, गाव सांग’ म्हणायचं नाही. ती मदत झाली. ‘नाही’ म्हणायचं नाही. तो अन्याय झाला. उत्तर चुकलं तर त्या संघाला उणे ५ आणि उरलेला प्रश्न जिथे तुटला तिथून शेवटपर्यंत दुसऱ्या संघासाठी. योग्य उत्तर काय होतं, हे त्या क्षणी वाचकाच्या चेहऱ्यावरूनही कळता कामा नये. चुकून उत्तर फुटलंच, तर तो टॉसअप बाद करून पॅकेटमधला राखीव टॉसअप वाचायचा.

उत्तराची पूर्ण ओळ वाचून मगच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, ही सवय सगळ्यात उशिरा लागते. स्वीकारा, प्रॉम्प्ट करा, स्वीकारू नका, या तिन्ही सूचना त्या ओळीत असतात, आणि बहुतेक तक्रारी ओळ अर्धी वाचल्यामुळे येतात. उच्चारांचंही तेच. संचात अवघड नावांपुढे उच्चार दिलेले असतात. फ्रेंच किंवा पोलिश नाव आलं की अडखळून तीनदा वाचण्यापेक्षा आदल्या रात्री पॅकेट चाळून ठेवा. आपल्या नावांचे इंग्रजी उच्चार कानाला खटकले, तरी दिलेला उच्चारच वाचा. समोरच्या मुलाने ते नाव तसंच ऐकलेलं असतं.

स्कोअरकीपरचं काम कमी लेखू नका. एका खोलीचा कागद उदाहरणादाखल घ्या. एका संघाच्या ३ पॉवर, ६ साधी उत्तरं, २ नेग. टॉसअपचे गुण ४५ अधिक ६० उणे १०, म्हणजे ९५. उत्तरं ९, म्हणजे बोनसही ९ च ऐकलेले असले पाहिजेत. बोनसचे गुण १६०. त्याला ९ ने भागलं की दर बोनसला १७.७८. एकूण २५५. समोरच्या संघाची उत्तरं ८ असतील तर ३ टॉसअप कोणालाच आले नाहीत, आणि ९, ८ व ३ मिळून २० भरतात. कागद कंट्रोल रूममध्ये आला की आकडे भरणाऱ्याने एवढी पडताळणी करायचीच. बोनसचे गुण १० ने भागले जात नाहीत? कुठेतरी चूक आहे. दर बोनसला ३० पेक्षा जास्त निघाले? एका संघाचा बोनस दुसऱ्याच्या रकान्यात पडलाय. सर्वांत जास्त घडणारी चूक नेगची असते: पहिला संघ चुकला, मग दुसराही चुकला, आणि स्कोअरकीपरने दोघांना उणे ५ लावले. दुसऱ्या संघाला दंड नसतो. प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावर चुकलेल्यालाही नसतो. हे वाक्य प्रत्येक खोलीतल्या टेबलावर ठळक अक्षरात चिकटवून ठेवा.

लॅपटॉपवर वाचणार असाल तर मोडॅकसारख्या साधनात बझर कुठे वाजला ते शब्दावर टिचकी मारून नोंदता येतं आणि सामन्याची फाइल थेट यलोफ्रूट या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते. मग वर सांगितलेल्या बेरजेच्या चुका जवळपास संपतात. पण त्यासाठी विद्यापीठाचं वाय-फाय बाहेरच्या माणसांना चालायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक खोलीत, पाहुण्यांच्या लॉगिनने, प्रत्यक्ष जोडून बघा. पॅकेट्स लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा, आणि प्रत्येक खोलीत गुणपत्रिकेचे कोरे कागद ठेवाच.

२४ संघांचा आराखडा असा करा. सहा-सहाचे चार गट. प्रत्येक संघ गटातल्या बाकी पाचांशी खेळतो, म्हणजे पाच फेऱ्या. मग रिब्रॅकेटिंग: प्रत्येक गटातले पहिले दोन मिळून आठ संघ वरच्या गटात, तिसरे-चौथे मधल्या, पाचवे-सहावे खालच्या. आपल्याच गटातून आलेल्या संघाशी झालेला सामना पुन्हा खेळायचा नाही, त्याचा निकाल पुढे धरायचा. म्हणून आठांच्या गटात प्रत्येकाला सहा नवे सामने. एकूण ११ फेऱ्या, प्रत्येक संघ शेवटपर्यंत खेळतो, कोणीही दुपारी बाद होऊन घरी जात नाही. वरच्या गटात पहिला संघ दुसऱ्यापेक्षा एका सामन्याने पुढे असेल तर दुसऱ्याला अंतिम फेरीत दोनदा जिंकावं लागतं. दोन सामन्यांनी पुढे असेल तर अंतिम सामना होत नाही. बरोबरी असेल तर एकच सामना. म्हणजे जास्तीत जास्त १३ पॅकेट्स, बरोबरी सोडवायला एक आणि अडचणीसाठी एक: १५ हाताशी हवीत. फेरीला ३५ मिनिटं धरा. सव्वानऊला सुरुवात केली तर बारा-सव्वाबाराला पाच फेऱ्या होतात, सव्वाला दुपार सुरू केली तर पावणेपाचला अकरावी संपते.

सुरुवातीचे गट पाडताना एका शाळेचे ए, बी आणि सी संघ वेगवेगळ्या गटांत टाका. नंतर ते एकाच प्लेऑफ गटात, म्हणजे दुपारच्या गटात, आले तर त्यांचा आपसातला सामना पहिल्याच फेरीत लावा. शेवटच्या फेरीत एकाच शाळेचे दोन संघ भिडले आणि एकाला विजयाची गरज असली, की मुलं प्रामाणिक खेळली तरी शंका राहते. त्या शंकेचं ओझं मुलांवर कशाला टाकायचं?

सकाळी एक संघ आलाच नाही तर वेळापत्रक नव्याने मांडायला बसू नका. तेवढी जागा रिकामी सोडा. ज्याचा सामना त्याच्याशी होता त्याला त्या फेरीला विश्रांती. पाच फेऱ्या पाचच राहतात, कागद तोच राहतो. एकाच गटातले दोन संघ गळाले तरच दुसऱ्या गटातला साधारण त्याच ताकदीचा एक संघ इकडे हलवा, आणि हे पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी करा. सकाळी साडेआठला छापलेलं वेळापत्रक फेकून नवं पाठवलं की निम्मे संघ जुनंच घेऊन फिरतात.

दुपारच्या जेवणाचा तास सगळ्यात नाजूक. त्याच तासात पाचव्या फेरीचे सगळे निकाल तपासायचे असतात, बरोबरी सोडवायची असते, नवे गट छापायचे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बरोबरी ही वरच्या आणि मधल्या गटातली सीमारेषा असते. ती आकडेवारीवरून सोडवू नका. दर बोनसला ०.४ गुण जास्त म्हणून एक संघ वर जाणं मुलांना पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्ध्या पॅकेटचा, १० टॉसअपचा सामना जेवणाच्या सुरुवातीलाच लावा, पंधरा मिनिटांत निकाल लागतो. गटाच्या आतल्या क्रमाला, ज्याने कोणाचा प्लेऑफ गट बदलत नाही, आकडेवारी चालते. हे सगळं वेळेत व्हायचं तर कंट्रोल रूममध्ये दोन माणसं अशी हवीत ज्यांना त्या दिवशी दुसरं काहीच काम नाही. टूर्नामेंट डायरेक्टरने स्वतः खोलीत वाचायला बसणं आम्ही अनेक ठिकाणी बघतो. एक वाचक कमी पडला की हे होतं, आणि मग प्रोटेस्ट (वाचकाच्या निर्णयावरची तक्रार), हरवलेला संघ, कुलूपबंद खोली, यांतल्या कशालाच माणूस उरत नाही. म्हणून २४ संघांना १२ वाचक, १२ स्कोअरकीपर, कंट्रोल रूमला दोन, डायरेक्टर एक आणि दोन राखीव, अशी २९ माणसं धरा. शुक्रवारी रात्री एक-दोघे आजारी पडतातच.

प्रोटेस्टबद्दल थोडक्यात. सामना थांबवायचा नाही. टॉसअप क्रमांक, मुलाने उच्चारलेले नेमके शब्द आणि वाचकाने दिलेला निर्णय लिहून ठेवायचा, पुढे वाचत राहायचं. सामना संपल्यावर निकाल बदलू शकत असेल तरच डायरेक्टरकडे न्यायचा. निर्णय देणाऱ्याचा त्या दोन्ही शाळांशी संबंध नसावा. पुढच्या फेरीआधी निकाली काढा, नाहीतर गटांची गणितं अडतात.

पॅकेटचा क्रम चुकणं ही मात्र मोठी आपत्ती आहे आणि ती टाळता येते. एका खोलीत सहाव्या फेरीला सातवं पॅकेट वाचलं गेलं, तर ते दोन संघ सातव्या फेरीत निरुपयोगी: त्यांनी सातवं ऐकलंय, त्यांच्या नव्या प्रतिस्पर्ध्यांनी सहावं ऐकलंय. राखीव पॅकेट त्या दोन सामन्यांसाठी वापरावं लागतं. म्हणून सगळी पॅकेट्स वाचकाला सकाळी एकदम देऊ नका. कागदी असतील तर फेरीगणिक लिफाफा, डिजिटल असतील तर फेरीगणिक पासवर्ड, आणि वाचकाने पहिला प्रश्न वाचण्याआधी ‘फेरी सहा, पॅकेट सहा’ असं मोठ्याने म्हणायचं. तोच संच पुढच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात वापरला जाणार असतो. कागद वर्गात राहू देऊ नका, प्रश्नाचा फोटो कुठे टाकू नका, आणि हे मुलांना व पालकांना सकाळच्या सभेत सांगा. ती सभा दहा मिनिटांची असावी: संच आणि नियम कोणते, प्रोटेस्ट कसा करायचा, जेवण कुठे, खोल्या कशा सापडतील. अख्खी नियमावली तिथे वाचू नका.

तारीख ठरवताना सॅटच्या शनिवारांची यादी समोर ठेवा, मे महिन्याचे पहिले दोन आठवडे एपी परीक्षांचे असतात. तुमच्या विद्यापीठाचा घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी पार्किंग मिळत नाही, मग खोल्या मोकळ्या असून उपयोग नाही. मराठी मंडळांचे दिवाळीचे कार्यक्रमही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शनिवारीच असतात. पालक स्वयंसेवक हवे असतील तर तेही बघा. एनएक्यूटी या प्रश्नसंच पुरवणाऱ्या कंपनीचा संच घेणार असाल तर मे अखेरीला होणाऱ्या त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता मुलांना तुमच्याकडून मिळू शकते, हे घोषणेत लिहा. संच कोणता आणि किती अवघड, तेही लिहा. तो संच आधी ऐकलेला किंवा वाचलेला खेळाडू खेळू शकत नाही, म्हणून शाळांना हे महिनाभर आधी कळायला हवं.

खोल्या शक्यतो एकाच इमारतीत, दोन मजल्यांच्या आत. पायऱ्यापायऱ्यांचं व्याख्यानगृह सामन्याला वाईट, तिथे आठ मुलं वाचकासमोर बसूच शकत नाहीत. हलवता येणारी टेबलं हवीत आणि जवळ वीज हवी. सकाळच्या सभेला दीडशे माणसांचं सभागृह वेगळं घ्या. शनिवारी इमारती कार्डाशिवाय उघडत नाहीत, तेव्हा दार कोण उघडणार, त्याचा फोन नंबर काय, आणि तो आला नाही तर कोणाला बोलवायचं, हे तिन्ही लिहून ठेवा. आवारात अल्पवयीन मुलं येणार असतील तर बहुतेक विद्यापीठांत आधी नोंदणी लागते, काही ठिकाणी स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणीही. त्याला आठवडे लागतात. प्रत्येक शाळेबरोबर एक प्रौढ दिवसभर असलाच पाहिजे, ही अट नोंदणीच्या अर्जात घाला. हिमवादळाचा अंदाज असेल तर निर्णय शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत द्या. शनिवारी पहाटे दिलेला निर्णय निघालेल्या गाड्यांना कळत नाही.

बझर, म्हणजे आठ बटणांच्या पेट्या, बाराच्या जागी चौदा-पंधरा मिळवा. क्लबचे दोन-चार असतील, बाकी शाळांकडून शुल्कात सूट देऊन येतात. आल्या आल्या आठही बटणं दाबून बघा: आवाज येतो का, पहिल्यानंतर दुसरा अडतो का, रिसेट होतो का. चालणाऱ्या बझरलाच सूट. शाळेचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा, नाहीतर संध्याकाळी अॅडॉप्टर एकाचा आणि पेटी दुसऱ्याची असं होतं.

पैशाचं एवढंच: शाळांचे चेक जिल्हा कार्यालयातून येतात, कधी स्पर्धा झाल्यावर दोन महिन्यांनी. चेक नेमका कोणाच्या नावे काढायचा ते पावतीवर अचूक लिहा आणि डब्ल्यू-९ हा कराचा फॉर्म तयार ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्या शाळेला शुल्कात सवलत द्या. ढाली-चषकांवर फार खर्च नको. वैयक्तिक बक्षिसं पुस्तकांची देण्याची क्विझ बोलची प्रथा चांगली आहे. ती बक्षिसं फक्त पहिल्या पाच फेऱ्यांच्या सरासरीवर ठरवा, कारण नंतर गटांची ताकद सारखी राहत नाही. निकाल आणि पूर्ण आकडेवारी त्याच रात्री, फार तर रविवारी, जाहीर करा.

आता आमच्या बाजूचं. मराठी पालक प्रेक्षक म्हणून खोलीत बसतात, तेव्हा फोन खिशात आणि ओठ बंद ठेवतील, हे त्यांना आम्ही सांगू. त्याहून उपयोगाचं म्हणजे त्यांना कामाला लावा. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी आम्हाला तारीख आणि लागणाऱ्या स्कोअरकीपरची संख्या कळवा. नेगचे नियम, कागदावरची पडताळणी आणि मोडॅकवरची नोंद, हे तासाभराच्या ऑनलाइन सरावात शिकवता येतं, आणि तो सराव आम्ही घेऊ. पालकाला त्याच्या मुलाच्या संघाच्या खोलीत ठेवू नका, एवढीच अट. मग तुमच्या क्लबातली जी मुलं आज गुण लिहायला बसतात, ती वाचनाच्या चाचणीला मोकळी होतात. त्यातून १२ ऐवजी ९ च वाचक तयार झाले तर १८ संघ घ्या, बाकीच्या शाळांना प्रतीक्षायादीत ठेवा आणि तसं त्यांना त्याच आठवड्यात स्पष्ट कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
हायस्कूल संघांबरोबर काम करणारे काही मराठी प्रशिक्षक, वाचक आणि स्कोअरकीपर